दर महिन्याला बाहेरून किती तूर येते, हा आकडा नेमका कुठे अन् कसा पाहायचा?

पोट्टा_उमरेडचा

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे पण वाचून घ्या. आमची उमरेडकडे शेती आहे, सोयाबीनमधे तूर अन् थोडा कापूस. मी स्वतः नागपुरात एका दालमिलच्या ऑफिसात अकाउंट्स पाहतो, म्हणजे घरी तूर विकणारे आणि ऑफिसात तूर घेणारे, दोन्हीकडचं रोज ऐकून राहिलो. यंदा, म्हणजे २०२५-२६ च्या हंगामात, तुरीचा हमीभाव ८००० रुपये क्विंटल आहे आणि नागपूरच्या कळमना बाजारात बाबांना त्याच्यापेक्षा बराच कमी भाव सांगितला. अडत्या म्हणाला बाहेरची तूर उतरून राहिली, आम्ही काय करणार. ऑफिसात विचारलं तर एक जण म्हणतो आयात वाढली, दुसरा म्हणतो गेल्या वर्षीपेक्षा कमी आहे, आणि दोघंही एवढ्या खात्रीनं सांगतात की आपण गप्पच बसतो. वरून व्हाट्सअ‍ॅपवर मेसेज फिरून राहिला की डाळींची आयात ७० लाख टन, त्यात वर्ष कोणतं, महिना कोणता, काही नाही.

मी सरकारी प्रेसनोट शोधली, दर महिन्याच्या मध्यावर येते ती. त्यात "डाळी" अशी एकच ओळ आहे आणि समोर नुसते डॉलर. तूर किती टन आली, कोणत्या देशातून आली, कुठंच नाही. मग बातम्यांमधे जे देशवार आकडे येतात ते कुठून काढतात हे लोक? आणि तो आकडा मिळाला तर त्यावरून भाव का पडला हे खरंच समजते का, की नुसता डोक्याला ताप? कोणी कस्टममधलं, मिलवालं, अभ्यास करणारं असेल तर सांगा. पैसे भरून डेटा विकणाऱ्या कंपन्यांचे फोन पण येऊन राहिले ऑफिसात, ते घ्यावे का तेही सांगा.

बिल_ऑफ_एंट्री

मी कस्टम क्लिअरिंगच्या कामात आहे, अजनीच्या कंटेनर डेपोपासून न्हावा शेवा बंदरापर्यंत फिरणं चालू असते, तर माझ्या बाजूनं सांगतो.

माल आला की आयातदार कस्टमकडे बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाची नोंद, भरतो, आता सगळं ऑनलाईन, कस्टमच्या आइसगेट साइटवर. त्यात मालाचा ८ आकडी कोड, वजन, किंमत, माल मुळात कोणत्या देशाचा, पाठवला कोणत्या देशातून, हे सगळं असते. हीच माहिती कस्टमकडून कोलकात्याच्या डीजीसीआयएसकडे जाते. वाणिज्य मंत्रालयाखालचं ऑफिस आहे ते, देशाच्या आयात-निर्यातीची आकडेवारी तेच बनवतात. तुम्ही पाहिली ती प्रेसनोट म्हणजे घाईचा अंदाज असतो, साधारण १५ तारखेच्या आसपास मागच्या महिन्याचा येतो आणि मोठे मोठे गटच त्यात असतात. कोडनिहाय, देशनिहाय तपशील नंतर येतो आणि तो वाणिज्य मंत्रालयाच्या ट्रेडस्टॅट नावाच्या साइटवर फुकट पाहायला मिळते. तिथं वर्षाचा डेटा बँक वेगळा आणि महिन्याचा वेगळा, तुम्ही महिन्याचा उघडा.

कोड लिहून घ्या, तुरीचा ०७१३६०००. अख्खी तूर आणि भरडलेली डाळ दोन्ही याच्यातच येते, कारण ०७१३ या शीर्षकात सालासकट, साल काढलेली, फोडलेली सगळी वाळलेली कडधान्यं धरलेली आहेत. त्यामुळे डाळ वेगळी कुठे असेल म्हणून शोधत बसू नका. मसूर ०७१३४०००, हरभरा ०७१३२० ने सुरू होते, वाटाणा ०७१३१० ने. मूग आणि उडीद मात्र सहा आकड्यांपर्यंत एकाच कोडात आहेत, ०७१३३१, तिथं ८ आकडे टाकल्याशिवाय दोन्ही वेगळे होत नाही. लोक इथेच गडबड करतात, उडीद म्हणून जो आकडा फिरवतात त्यात मूग पण असतो.

आता नागपूरबद्दल. बंदरनिहाय आकडा पाहून "नागपूरला तूर आलीच नाही" असा अर्थ काढू नका. आपल्या इकडच्या मिलचा बाहेरचा माल बहुतेक न्हावा शेवाला किंवा चेन्नईला क्लिअर होतो आणि तिथून ट्रकनं येतो, तर कागदावर बंदर तेच राहते. माल शेवटी कोणत्या गोदामात उतरला हे त्या आकडेवारीत दिसतच नाही.

डेटा विकणाऱ्यांबद्दल एकच सांगतो, सांभाळून. कस्टम्स कायद्यात २०२२ साली कलम १३५एए आलं, त्यात एखाद्या आयातदाराची किंमत, वजन वगैरे माहिती परवानगीशिवाय छापणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. कोणी तुम्हाला अमुक पार्टीनं अमुक भावानं इतके कंटेनर आणले अशी नावासकट यादी विकून राहिला असेल तर लांब राहा. तुम्हाला जे पाहिजे ते फुकटात आहे.

पोट्टा_उमरेडचा

लय धन्यवाद दादा. उघडलं मी. तुरीचा कोड टाकला, देश सगळे निवडले, यादी आली, मोझांबिक, म्यानमार, टांझानिया, मलावी, सुदान असे. पण समोर चार-पाच रकाने आहेत अन् मले त्यातले दोन समजले नाही. एका रकान्यातला आकडा फार मोठा दिसून राहिला, तो एका महिन्याचा असूच शकत नाही. आणि वजनासमोर जो आकडा आहे तो किलो का टन?

आकडे_आणि_अंदाज

मी नागपुरात कॉलेजला संख्याशास्त्र शिकवते, दर वर्षी मुलांना हाच डेटा बँक प्रोजेक्टला देते, त्यामुळे हे प्रश्न पाठ आहेत.

मोठा आकडा आहे तो एप्रिलपासून त्या महिन्यापर्यंतची बेरीज आहे, आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च म्हणून. त्याच्या शेजारी मागच्या वर्षाची तीच बेरीज आणि वाढ-घटीची टक्केवारी. बातमीत कधी एका महिन्याचा आकडा उचलतात, कधी ही बेरीज, आणि मथळ्यात फरक सांगत नाहीत. वजनाच्या रकान्यात एकक किलो असं दिसेल पण आकडा हजारात असतो, म्हणजे तिथे ६०,००० असेल तर ६०,००० हजार किलो, थोडक्यात ६०,००० टन. एकक काय लिहिलंय ते आधी वाचायचं आणि मगच पुढे जायचं, ही सवय लावून घ्या. वजन ८ आकडी कोडालाच नीट मिळतं, अख्ख्या चॅप्टरला, म्हणजे कोडाच्या पहिल्या दोन आकड्यांच्या गटाला, मागितलं तर फक्त किंमत मिळते, कारण किलो, लिटर, नग यांची बेरीज करून काहीच हाती लागत नाही.

आता मला ज्याची खरी तळमळ आहे ते सांगते. डॉलरचा आकडा पाहून माल वाढला असं म्हणू नका. कधीच नका म्हणू. सगळ्यात स्पष्ट उदाहरण सोन्याचं. २०२३-२४ मधे देशात सुमारे ७९५ टन सोनं आलं, किंमत साडेपंचेचाळीस अब्ज डॉलर. २०२४-२५ मधे किंमत ५८ अब्ज डॉलर, म्हणजे २७ टक्के वाढ, आणि सोनं आलं सुमारे ७५७ टन, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा कमी. मथळे सगळीकडे "सोन्याची आयात २७ टक्क्यांनी वाढली" असेच होते. भाव वाढला होता, माल घटला होता. तुरीत हेच उलटं होऊ शकतं, बाहेरचा भाव पडला तर डॉलर कमी दिसतील आणि टन वाढलेले असतील. तुमच्या ऑफिसातले दोघं भांडताहेत ते बहुधा यामुळेच, एक जण किंमत पाहतोय आणि दुसरा वजन, किंवा एक महिना पाहतोय आणि दुसरा बेरीज.

रुपयात पाहाल तर अजून एक घोळ. डॉलर वर गेला की तेवढ्याच मालाची रुपयातली किंमत आपोआप फुगते. म्हणून वाढ पाहायची तर टनात पाहा, भाव काढायचा तर डॉलर भागिले टन करा.

आणि एकटा महिना कधीही घेऊ नका. महिन्याच्या शेवटी लागलेलं एक मोठं जहाज दोन-चार दिवसांच्या फरकानं या महिन्यात किंवा पुढच्या महिन्यात जातं. तीन-तीन महिन्यांची बेरीज करून मागच्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांशी तुलना करा. जानेवारीची तुलना डिसेंबरशी करून तर काहीच कळत नाही, तुरीचा हंगामच तसा आहे.

वर्धमाननगर_मिलवाला

मॅडमनी हंगाम म्हटलं तर ते मी सांगतो, आमची पोटपाण्याची गोष्ट आहे ती. आफ्रिकेची तूर, म्हणजे मोझांबिक, मलावी, टांझानिया, ती आपल्याकडे मुख्यतः सप्टेंबरपासून डिसेंबर-जानेवारीपर्यंत उतरते. म्यानमारची तूर, जिला बाजारात लेमन म्हणतो, तिचं पीक आपल्यासोबतच निघते, जानेवारीपासून माल येणं सुरू होते आणि मग वर्षभर थोडा थोडा चालूच राहते. आता पाहा, विदर्भाची तूर कळमन्यात जानेवारी-फेब्रुवारीत येते. म्हणजे शेतकऱ्याची तूर बाजारात यायच्या वेळेला आफ्रिकेचा शेवटचा माल गोदामात पडून असते आणि म्यानमारचा नवा माल निघालेला असते. त्यामुळे आफ्रिकेचं पाहायचं तर ऑक्टोबर ते डिसेंबरचे आकडे पाहा, जानेवारीचा पाहून काही हाती लागणार नाही.

बाबांचा भाव का पडला त्याचं माझं उत्तर थोडं वेगळं आहे, पटलं तर घ्या. किती माल आला यापेक्षा कोणत्या भावानं येऊ शकते हे आमच्या सौद्यात जास्त चालते. हिशोबापुरतं धरा, खरा आकडा नाही हा, समजा एका महिन्यात ६०,००० टन आली आणि किंमत साडेचार कोटी डॉलर. तर टनाला ७५० डॉलर झाले. डॉलर ९० रुपये धरला तर टनाचे ६७,५०० म्हणजे क्विंटलला ६७५०. आयातीची किंमत आपल्याकडे माल, जहाजाचं भाडं आणि विमा पकडून बंदरापर्यंतची लिहिलेली असते, तर त्यावर बंदरावरचा खर्च आणि नागपूरपर्यंतचं ट्रकभाडं टाका. तूर ३१ मार्च २०२६ पर्यंत शुल्कमुक्त ठेवली होती, त्यामुळे त्यात आयात शुल्क धरलेलं नाही. म्हणजे अशा भावात मिलला बाहेरचा माल ८००० च्या खाली पडते. मग कोणता मिलवाला कळमन्यात ८००० देईल? क्वालिटीचा फरक आहे, आपल्या विदर्भाच्या तुरीची डाळ चवीला सरस आहे, डाळीचा उतारा पण चांगला, त्याचे काही पैसे जास्त मिळतात, पण ते एका मर्यादेपर्यंतच. त्या महिन्यात एक कंटेनर नाही आला तरी हा भाव डोक्यावर बसलेलाच असते.

म्हणून तुम्ही ते डॉलर भागिले टनवालं गणित दर महिन्याला करत जा आणि देशनिहाय करा. मोझांबिकची गजरी जातीची तूर आणि म्यानमारची लेमन यांचा भाव एक नसतो, सगळ्यांची सरासरी काढली तर फसाल.

शेतमजुरी_दारव्हा

मी यवतमाळ जिल्ह्यातला शेतकरी, तुमचं सगळं वाचलं अन् एक इचारतो, हा आकडा आमच्या कामाचा काय? डिसेंबरचा तपशील जव्हा येते तव्हा फेब्रुवारी उजाडते, तवरोक आमची तूर इकून झालेली असते. कर्ज, मजुरी, पोराची फी, कोणी थांबत नाही. व्यापाऱ्याले जहाज निघाल्याबरोबर माहीत असते अन् आमाले दोन महिन्यानं. आकडा फुकट आहे म्हणता पण उशिराचा आकडा काय कामाचा सांगा. आमाले पाहिजे ते आजचं.

अन् दुसरी गोष्ट, नुसत्या तुरीवरच काऊन नजर ठेवून आहात तुम्ही? पिवळा वाटाणा पाहा. तूर किती आली याच्यापेक्षा तो वाटाणा किती आला ते इचारा.

वर्धमाननगर_मिलवाला

दारव्हाच्या भाऊंचं वाटाण्याचं म्हणणं सोळा आणे खरं आहे आणि मी ते लिहायला पाहिजे होतं अशीच गोष्ट आहे ती. डिसेंबर २०२३ मधे पिवळा वाटाणा शुल्कमुक्त केला, मुख्यतः कॅनडा आणि रशियातून येते तो. २०२४-२५ या एका वर्षात २० लाख टनांच्या वर आला. तुम्हाला आलेला ७० लाख टनांचा मेसेज त्याच वर्षाचा आहे, एप्रिल २०२४ ते मार्च २०२५, सगळ्या डाळी मिळून ७० लाखांच्या वर गेल्या, त्याआधीचा मोठा आकडा २०१६-१७ चा होता, ६६ लाख टनांच्या आसपास. त्या ७० मधे तूर साधारण १२ लाख टन होती. आदल्या वर्षी पावणेआठ लाखाच्या आसपास होती, म्हणजे तूर पण वाढलीच, पण मोठा वाटा वाटाणा, हरभरा आणि मसूरचा होता. स्वस्त वाटाणा बेसनात, हॉटेलात, फरसाणात हरभऱ्याची जागा घेते, हरभरा ढिला पडला की गिऱ्हाईकाला स्वस्त डाळीचा पर्याय मिळते आणि मग तुरीला पण वर जायला जागा राहत नाही. एक डाळ दुसरीला धरून चालते.

मग १ नोव्हेंबर २०२५ पासून वाटाण्यावर ३० टक्के शुल्क लावलं. पण त्याची मेख अशी की ज्या मालाचं बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजावर चढल्याचा कागद, ३१ ऑक्टोबरपर्यंतचं होतं तो नंतर उतरला तरी शुल्कमुक्तच. तर नोव्हेंबर-डिसेंबरच्या आकड्यात वाटाणा दिसला म्हणून शुल्काचा परिणामच झाला नाही असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. रस्त्यातलं जहाज होतं ते.

आकडे_आणि_अंदाज

दारव्हाचे दादा, तुमचा राग रास्त आहे आणि त्याला मी खोटं ठरवणार नाही. विकायच्या दिवशी हा आकडा उपयोगी पडत नाही. आजच्या भावासाठी पणन मंडळाच्या साइटवर आणि अ‍ॅगमार्कनेट या केंद्र सरकारच्या बाजारभावाच्या साइटवर रोजची बाजार समितीनिहाय आवक आणि कमी-जास्त दर येतात, कळमना, यवतमाळ, कारंजा, अमरावती सगळे एका जागी पाहता येतात, ते मोबाईलवर पाहायची सवय ठेवा.

पण आयातीचा मासिक आकडा शेतकऱ्याच्या कामाचा नाही हे मला मान्य नाही. तूर १५ मे २०२१ पासून खुली केली आणि त्यानंतर ३१ मार्च २०२६ पर्यंत मुदतवाढीवर मुदतवाढ दिली गेली. मोझांबिक, मलावी आणि म्यानमारशी पाच वर्षांचे करार झाले, मोझांबिकची वर्षाला २ लाख टन, मलावीची ५०,००० टन, म्यानमारची १ लाख टन तूर, आणि ते करार २०२५-२६ पर्यंतचे. या तिन्हींची बेरीज साडेतीन लाख टन होते आणि प्रत्यक्षात १२ लाखांच्या वर आली. देशातलं आपलं पीक ३५ लाख टनांच्या आसपास. शेतकरी संघटनेनं निवेदन देताना नुसतं "आयात थांबवा" लिहिण्यापेक्षा हे तीन आकडे समोर ठेवले तर समोरच्याला उत्तर द्यावं लागतं. आपल्या बाजूनं बोलायला आपल्याकडे टन पाहिजेत, महिने पाहिजेत. ऑगस्ट २०१७ मधे तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली होती, ती काही आपोआप आली नव्हती, त्याआधी देशात पीक भरपूर झालं आणि भाव कोसळला म्हणून आली. महिन्याचे आकडे वेळेवर वाचणारे लोक शेतकऱ्यांकडेही असावेत असं मला मनापासून वाटतं, व्यापाऱ्यांकडे ते कायम असतात.

एक तांत्रिक सूचना, तुरीचा स्वतंत्र कोड जागतिक यादीत २०१२ च्या सुधारणेत आला. त्याआधीची वर्षं या कोडावर शोधाल तर शून्य दिसेल आणि वाटेल की तेव्हा तूर येतच नव्हती. तेव्हा ती "इतर" मधे मोजली जायची.

इतवारीकर

मी सराफा लाईनचा माणूस, तुरीतलं मला समजत नाही, पण मॅडमनी सोन्याचं काढलं म्हणून लिहितो, कारण आकडा बदलू शकते ही गोष्ट इथं कोणीच सांगितली नाही. नोव्हेंबर २०२४ ची प्रेसनोट आली त्यात सोन्याची आयात जवळपास १४.८ अब्ज डॉलर दाखवली. आमच्या इतवारीत सगळे चाट पडले, एवढं सोनं गेलं कुठे, दुकानात तर गिऱ्हाईक नेहमीएवढंच. व्यापार तूट विक्रमी म्हणून बातम्या झाल्या, रुपयावर चर्चा झाल्या, सोन्यावरचं शुल्क परत वाढवतील म्हणून घबराट झाली, कारण ते त्याच वर्षी जुलैच्या बजेटमधे १५ वरून ६ टक्के केलं होतं. आणि जानेवारीत कळलं की आकडाच सुधारला, ९.८४ अब्ज डॉलर. पाच अब्ज डॉलर कमी! एप्रिल ते नोव्हेंबरची बेरीज पण ४९ वरून ३७ अब्जांवर आली. कारण असं सांगितलं की सेझचा, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रांचा, डेटा एका सिस्टीममधून आइसगेटवर नेताना तोच माल दोनदा मोजला गेला.

तर भाऊ, प्रेसनोटचा आकडा आला त्याच दिवशी त्याच्यावर सौदा करू नका. एक-दोन महिने जाऊ द्या, मग तोच महिना परत उघडून पाहा.

पोट्टा_उमरेडचा

सगळं वाचलं, दोनदा वाचलं. कालपासून एक्सेल बनवून राहिलो. तूर, वाटाणा, हरभरा, मसूर असे चार शीट, महिने खाली अन् देश आडवे, टन, डॉलर आणि डॉलर भागिले टन. सोबत कळमन्याची महिन्याची आवक टाकून राहिलो. तुरीत एक गोष्ट तर आत्ताच दिसली, देशादेशाच्या भावात खरंच मोठा फरक आहे, अन् ऑफिसात जो सांगत होता आयात कमी झाली तो डॉलरचा रकाना पाहून राहिला होता. त्याला दाखवलं, मानलं त्यानं.

अजून दोन गोष्टी विचारतो. एक म्हणजे मोझांबिकनं स्वतः जाहीर केलेला आकडा एका बातमीत पाहिला तर तो आपल्या आकड्याशी जुळत नाही, मग खरा कोणता? आणि दुसरं, कापसाचं पण असंच पाहता येईल का? यंदा सरकीसकट सगळाच भाव ढिला आहे आणि तिथंही लोक आयातीचंच नाव घेऊन राहिले.

आकडे_आणि_अंदाज

दोन्ही खरे असू शकतात. ते निर्यात लिहितात ती जहाजावर माल चढेपर्यंतच्या किमतीत, आपण आयात लिहितो ती भाडं आणि विमा धरून, म्हणून किमतीत आपला आकडा मोठा असतोच. शिवाय त्यांच्याकडून माल निघतो एका महिन्यात आणि आपल्याकडे कागद होतो पुढच्या एखाद्या महिन्यात. मधे दुबई किंवा सिंगापूरच्या व्यापाऱ्यानं माल घेऊन वळवला असेल तर त्यांच्या यादीत भारताचं नावच येणार नाही. त्यामुळे एका महिन्याची जुळवाजुळव करू नका, वर्षाची करून पाहा आणि डॉलर सोडून टन जुळवा. तुमच्या शीटमधे एक रकाना अजून टाका, आकडा कोणत्या तारखेला उतरवून घेतला त्याचा. इतवारीकर काकांनी जे सांगितलं त्यासाठी तो लागेल.

बिल_ऑफ_एंट्री

कापसाचा कोड ५२०१ ने सुरू होते. तिथं वजन किलोत आहे आणि आपल्याकडे सगळं बोलणं गाठींमधे चालते, १७० किलोची एक गाठ, तर टनाला साधारण ५.९ गाठी धरा. दुसरं म्हणजे कापसाचं वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर, खाद्यतेलवाले नोव्हेंबर ते ऑक्टोबर मोजतात आणि सरकारचा आकडा एप्रिल ते मार्च, म्हणून व्यापारी संघटनेचा आकडा आणि ट्रेडस्टॅटचा आकडा शेजारी ठेवण्याआधी महिने सारखे करून घ्या.

शुल्काचं पाहाल तर कापसावर फेब्रुवारी २०२१ पासून एकूण ११ टक्के आयात शुल्क होतं, ते १९ ऑगस्ट २०२५ ला काढलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग वाढवून ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. म्हणजे आपला कापूस वेचणीला आला नेमक्या त्याच महिन्यांत बाहेरचा विनाशुल्क. २०२५-२६ चा हमीभाव मध्यम धाग्याला ७७१० आणि लांब धाग्याला ८११०. तुम्ही ऑगस्ट ते डिसेंबर हे पाच महिने आदल्या वर्षीच्या त्याच पाच महिन्यांशी लावून पाहा, टनात, आणि जे दिसेल ते इथं टाका. आमच्या कामात कागद दिसतात पण देशाची बेरीज आम्हाला पण तिथूनच पाहावी लागते.

शेतमजुरी_दारव्हा

मॅडम, निवेदनाचं म्हणता ते पटलं. आमच्या तालुक्यात लोक जमवून देऊ आम्ही, आकडे लिहून तुम्ही द्या, महिन्यावार अन् मराठीत. इथले लोक साइट उघडत नाहीत, कागदावर लिहून देल्लं तर वाचतात.

अन् उमरेडच्या पोट्ट्या, आकडे पाहून राहिला ते चांगलं पण बाबाची नोंदणी केली का? तूर, उडीद, मसूर शंभर टक्के हमीभावानं घेऊ असं सरकारनं २०२५ च्या बजेटात सांगितलं आहे, २०२८-२९ पर्यंत. नाफेड सरकारसाठी हमीभावानं खरेदी करते, तिची नोंदणी ई-समृद्धी पोर्टलवर होते. सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीत तुरीची नोंद नसन तर केंद्रावरून वापस येशीन, ते आधी पाहून घे. आंतरपीक असलं की नुसती सोयाबीनच चढलेली असते अन् तूर सुटून जाते.

पोट्टा_उमरेडचा

काका, तेच झालं आहे, सातबाऱ्यावर सोयाबीनच दिसून राहिली. तलाठ्याकडे अर्ज करून दुरुस्ती होते का पाहतो, नोंद झाली की लगेच नोंदणी. शीट महिन्याभरात पूर्ण करतो आणि तूर अन् वाटाण्याचा मराठीत एका पानाचा तक्ता इथंच टाकतो, मॅडम तुम्ही एकदा तपासून द्या मग दारव्हाला पाठवू. वाटाण्याचे नोव्हेंबर-डिसेंबरचे आकडे वेगळ्या रंगात ठेवतो, बिल ऑफ लेडिंगवालं कारण खाली लिहून.

आकडे_आणि_अंदाज

टाका, तपासते. शेवटचा महिना तक्त्यात घ्या पण त्यापुढे "तात्पुरता" असं लिहा, आणि टक्केवारी टनांवरच काढा.